पाण्यावर उजळलेलं घर आणि तोफांचा कारखाना

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोघा-तिघांनी विचारलं, आर्मस्ट्राँग म्हणजे चंद्रावर गेलेला का? नाही. हा विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या न्यूकॅसलचा. जन्म १८१०, मृत्यू १९००. म्हणजे जवळजवळ अख्खं एकोणिसावं शतक या माणसाने पाहिलं. दगडी कोळशाच्या गावात जन्मला आणि कोळसा संपणार आहे असं त्याच गावात उभं राहून सांगितलं. पाण्यापासून केलेल्या विजेवर उजळलेलं जगातलं पहिलं घर म्हणून ज्याचं नाव घेतात, ते याचं. त्या घरात त्याने चित्रं जमवली, डोंगरावर लाखो झाडं लावली. आणि या सगळ्याला पैसा आला तो बऱ्याच अंशी तोफांमधून.

हे शेवटचं वाक्य आम्ही मुद्दाम सुरुवातीलाच सांगून टाकतोय. कारण अलीकडे या माणसावर जे लिहिलं जातं त्यात त्याला 'हरित ऊर्जेचा आद्य पुरुष' वगैरे म्हणतात, आणि तोफांचा उल्लेख एका ओळीत उरकतात. जुन्या पुस्तकांत नेमकं उलट: तोफा, जहाजं, सरदारकी यांवर पानंच्या पानं आणि पाण्याचा नाद म्हणजे म्हातारपणचा छंद. आम्हाला दोन्ही पटत नाही. दोन्ही एकाच डोक्यातून आलं, आणि ते कसं आलं हेच बघायचं आहे.

वडील धान्याचे व्यापारी, पुढे न्यूकॅसलचे महापौर झाले. मुलाला यंत्रांचं वेड, पण वडिलांनी ठरवलं की पोरगा वकील होणार. वडिलांचे स्नेही आर्मरर डॉन्किन सॉलिसिटर होते, त्यांच्या पेढीत त्याला घातलं. आणि विल्यमने निमूटपणे दहा-बारा वर्षं सॉलिसिटरचं काम केलंसुद्धा. आपल्याकडे घरोघरी घडणारी गोष्ट आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. पण एक लक्षात ठेवा. ज्याला पुढे सगळं जग इंजिनियर म्हणून ओळखू लागलं, त्याने इंजिनियरिंगचं रीतसर शिक्षण कधीच घेतलं नव्हतं.

त्याला दुसरा नाद होता गळ टाकून मासे धरायचा. १८३५ च्या सुमाराला डेंटडेल नावाच्या खोऱ्यात तो मासे धरायला गेला होता. तिथे संगमरवराच्या खाणीवर एक पाणचाक फिरत होतं. पाणी डोंगरावरून येत होतं आणि त्यातला थोडासाच भाग त्या चाकावर पडत होता. आर्मस्ट्राँगने तिथल्या तिथे अंदाज बांधला की या पाण्यात जेवढी ताकद आहे तिच्या विसाव्या हिश्शाइतकीच वापरली जातेय. बाकीची एकोणीस हिस्से वाया.

मासे मिळाले की नाही कुणास ठाऊक, पण हा हिशेब त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्याचं म्हणणं असं की पाणी उघड्यावर चाकावर ओतण्याऐवजी नळात कोंडलं, तर वरच्या पाण्याचा सगळा भार खालच्या टोकाला दाबाच्या रूपाने मिळेल, आणि थोड्या पाण्यातही मोठं काम होईल. आज हे शाळेतलं पोर सांगेल. पण पाण्याची ताकद म्हणजे चाक, असंच तेव्हा सगळे धरून चालले होते.

मध्येच एक गंमत झाली. १८४० मध्ये न्यूकॅसलजवळच्या क्रॅमलिंग्टनच्या खाणीत बॉयलरच्या फटीतून वाफ सुटत होती, आणि एका कामगाराचा हात त्या वाफेत गेला तेव्हा त्याला झटका बसला. भाजल्याचा नाही, विजेचा! आर्मस्ट्राँग तिथे जाऊन बघून आला आणि वाफेच्या फवाऱ्यातून स्थिर वीज तयार करणारं एक यंत्र त्याने स्वतःच बनवलं. लंडनमध्ये त्याचे प्रयोग लोकांना दाखवले गेले. १८४६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतलं. दिवसा खरेदीखतं तपासणारा माणूस हे सगळं करत होता.

आता यारीची गोष्ट. यारी म्हणजे आपली क्रेन, गोदीत माल चढवा-उतरवायची. १८४५ मध्ये न्यूकॅसलला लांबच्या तलावांतून नळाने पाणी आणायची योजना झाली, व्हिटल डीन वॉटर कंपनीची. आर्मस्ट्राँगचा तिच्यात पुढाकार होता. शहर उतारावर वसलेलं, गोदी अगदी खाली टाईन नदीच्या काठी. साहजिकच खालच्या भागातल्या नळांना गरजेपेक्षा जास्त दाब. इथे पुन्हा तोच डेंटडेलचा हिशेब: हा दाब वाया का जातोय? त्याने नगरपालिकेला सांगितलं, गोदीतली एक यारी मला द्या, ती मी नळाच्या पाण्यावर चालवून दाखवतो.

ती कशी चालायची? एका जाड नळकांड्यात दट्ट्या. नळाचं पाणी आत सोडलं की दट्ट्या सरकणार. पण दट्ट्या फार लांब सरकत नाही, म्हणून त्याच्या टोकाला कप्प्या बसवायच्या आणि साखळी त्या कप्प्यांवरून चार-सहा वेळा फिरवायची. दट्ट्या एक हात सरकला की साखळीचं टोक चार-सहा हात उचललं जातं. रस्त्यावर जेसीबीचा हात वर जाताना बघता ना, तिथे तेलाचा दाब आहे, इथे पिण्याच्या पाण्याचा होता. एवढाच फरक.

ही यारी चालवणारा एक पठ्ठ्या होता, त्याला लोक 'हायड्रॉलिक जॅक' म्हणायचे. लिव्हरवर त्याचा हात असा बसला होता की वजन वेगाने खाली सोडायचा आणि जमिनीला टेकायच्या आत अलगद थांबवायचा. लिव्हरपूलच्या गोद्यांचे मुख्य इंजिनियर जेसी हार्टली यांचा या यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता, पण जॅकचं काम बघून त्यांनीही मान्य केलं असं सांगतात. १८४७ मध्ये आर्मस्ट्राँगने वकिली सोडली आणि नदीकाठी एल्झविक इथे कारखाना काढला. वय छत्तीस. डॉन्किन साहेबांनीच त्याला भांडवलाची मदत केली, हे मात्र त्यांच्या मोठेपणाचं.

पण जिथे डोंगर नाही, उंचावर तलाव नाही, तिथे दाब आणायचा कुठून? ग्रिम्सबीच्या गोदीत त्यासाठी ९० मीटरांहून उंच मनोरा बांधला, १८५२ मध्ये. का, तर वर टाकीत पाणी चढवायचं म्हणून. तो मनोरा आजही उभा आहे. पण दर ठिकाणी असा मनोरा कोण बांधणार? आर्मस्ट्राँगने मग सोपी युक्ती काढली. उभं नळकांडं, त्यात दट्ट्या, दट्ट्यावर कित्येक टनांचं वजन. वाफेच्या पंपाने सावकाश पाणी भरत राहायचं, वजन वर चढत राहतं. गरज पडली की झडप उघडायची, वजन खाली येतं आणि पाणी जबरदस्त दाबाने बाहेर पडतं. त्याने त्याला अॅक्युम्युलेटर म्हटलं, म्हणजे साठवणूक करणारा. शक्ती आधी साठवून ठेवायची आणि हवी तेव्हा काढायची! आज सौर आणि वाऱ्याच्या विजेबद्दल बोलताना आपण सतत 'साठवण, साठवण' करतो. तो प्रश्न या माणसाने लोखंड आणि पाण्याने सोडवला होता. लंडनच्या टॉवर ब्रिजचे दोन पंख १८९४ पासून उचलले जायचे ते याच पद्धतीच्या यंत्रांवर, आणि ती यंत्रं याच्याच कंपनीची.

इथवरची गोष्ट सरळ आहे, ऐकायला गोड वाटते. इथून पुढे ती तशी राहत नाही.

१८५४. क्रिमियाची लढाई. इंकरमनच्या रणांगणावर इंग्रजांच्या जड तोफा चिखलातून ओढून आणता आणता सैनिक मेटाकुटीला आले, अशा बातम्या आल्या. आर्मस्ट्राँगला वाटलं, तोफ एवढी जड असायलाच कशाला पाहिजे? ओतीव लोखंडाची जाडजूड नळी बनवायची, ती तोंडाकडून भरायची, आत गोल गोळा टाकायचा, ही सगळी जुनी रीत. त्याने घडीव लोखंडाची पट्टी दोरीसारखी गुंडाळून तिची नळी केली. आतून पेच पाडले, म्हणजे गोळा फिरत बाहेर पडेल आणि सरळ जाईल. गोळाही लांबट केला. आणि तोफ मागून, बुडाकडून भरायची सोय केली. १८५५ मध्ये पहिली तोफ तयार झाली. हलकी, अचूक, लांब पल्ल्याची.

लक्षात येतंय का? डेंटडेलच्या चाकाकडे ज्या नजरेने पाहिलं त्याच नजरेने तो तोफेकडे पाहत होता. धातू वाया जातोय, दारूची ताकद वाया जातेय, ती वाचवली पाहिजे. वाया जाणं त्याला सहनच होत नसे. ती वाचलेली ताकद कुणाच्या अंगावर जाऊन पडणार आहे, हा प्रश्न त्या हिशेबात येत नव्हता.

१८५९ मध्ये त्याने तोफेची पेटंटं सरकारला देऊन टाकली, एक पैसा न घेता. राणीने 'सर' केलं. सरकारी पदही मिळालं, आणि सरकारसाठी तोफा बनवायला एल्झविकला वेगळी कंपनी निघाली. १८६० मध्ये चीनमध्ये अफूच्या दुसऱ्या युद्धात, ताकूच्या किल्ल्यांवर, या तोफा पहिल्यांदा डागल्या गेल्या. त्या मोहिमेत हिंदुस्थानातून गेलेल्या पलटणीही होत्या.

आणि आता १८६३ चा ऑगस्ट महिना. आम्हाला या सगळ्या आयुष्यात हा एक महिना फार महत्त्वाचा वाटतो.

त्या महिन्यात शास्त्रज्ञांच्या ब्रिटिश असोसिएशनचं अधिवेशन न्यूकॅसलला भरलं. अध्यक्ष सर विल्यम आर्मस्ट्राँग. कोळशाच्या राजधानीत, खाणमालक समोर बसलेले असताना, हा गृहस्थ अध्यक्षीय भाषणात सांगतो की आपण कोळसा सर्व ठिकाणी उधळपट्टीने जाळतो आहोत, त्यातल्या उष्णतेचा अगदी थोडा भाग कामाला येतो, आणि मागणी अशीच वाढत राहिली तर दोनशे वर्षांच्या आत इंग्लंड कोळसा काढणारा देश राहणार नाही. सभेत खळबळ झाली. दोन वर्षांनी अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी कोळशाच्या प्रश्नावर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यातही या भाषणाची दखल आहे.

त्याचंच आणखी एक गणित आहे. उष्ण कटिबंधात एका एकरावर पडणारं ऊन चार हजार घोड्यांची ताकद देऊ शकतं, आणि तीही दिवसाचे जवळपास नऊ तास. आम्ही हा आकडा ताडून पाहिला. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, म्हणजे गुंठ्याला शंभर घोडे! चार हजार अश्वशक्ती म्हणजे सुमारे तीन हजार किलोवॅट. एकरात चार हजारांवर चौरस मीटर, तेव्हा दर चौरस मीटरला साधारण ७४० वॅट. भर दुपारी निरभ्र आकाश असेल तर आज आपण हजार वॅट धरतो. म्हणजे त्याचं गणित काही हवेत नव्हतं. आपला महाराष्ट्र सगळाच्या सगळा त्या उष्ण कटिबंधात येतो, एवढं जाता जाता सांगतो.

हे झालं न्यूकॅसलमधलं. त्याच ऑगस्टमध्ये पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, जपानमधल्या कागोशिमा या बंदरावर, ब्रिटिश आरमाराने तोफा डागल्या. त्यात आर्मस्ट्राँगच्या तोफा होत्या. शहराचा मोठा भाग जळाला. आणि त्या तोफांनी इंग्रजांनाही दगा दिला. मागचा तुकडा उडून येणं वगैरे अपघात झाले, ३६५ वेळा डागल्या तर २८ अपघात असा आकडा नोंदलेला आहे. परिणाम असा झाला की ब्रिटिश आरमार परत तोंडाकडून भरायच्या तोफांकडे वळलं.

अधिवेशनात भाषण करताना त्याला हे माहीत असणं शक्य नव्हतं, तेव्हा बातमीला महिने लागत. पण एकाच महिन्यात, एकाच माणसाच्या नावाने, एकीकडे उन्हाचं भविष्य सांगितलं जातंय आणि दुसरीकडे शहर जळतंय. आम्हाला या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत टाकता आलेल्या नाहीत.

त्या कागोशिमाच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांचा एक मुलगा इंग्रजांविरुद्ध लढत होता. हेइहाचिरो तोगो. बेचाळीस वर्षांनी, १९०५ मध्ये, त्सुशिमाच्या समुद्रात रशियन आरमार बुडवणारा जपानी सेनापती तो हाच. आणि त्याच्या ताफ्यातली कित्येक जहाजं आणि तोफा एल्झविकच्या कारखान्यातून आलेल्या! १९११ मध्ये तोगो न्यूकॅसलला येऊनही गेला.

हे कसं झालं, तर सरकारने करार मोडला म्हणून. १८६३ च्या आसपास सरकारी मागणी थांबली. कारखाना उभा, माणसं उभी, भट्ट्या तापलेल्या. आर्मस्ट्राँगने सरकारी पद सोडलं आणि परदेशांना तोफा विकायला सुरुवात केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात तर दोन्ही बाजूंना. विरोधकांनी टीका केली तेव्हा त्याचं उत्तर ठरलेलं असे: निसर्गातल्या शक्ती माणसाच्या ताब्यात आणून देणं हे इंजिनियरचं काम, त्या कशासाठी वापरायच्या याची जबाबदारी वापरणाऱ्याची. हा युक्तिवाद आजही आपल्या कानावर येतो, अणुशक्तीबद्दल येतो, संगणकाबद्दल येतो. आमचं मत विचाराल तर तो अप्रामाणिक नव्हता, पण सोयीचा होता. गिऱ्हाईक कोण आहे हे माहीत असणाऱ्या दुकानदाराला तो पुरा पडत नाही.

टाईन नदीवर त्याच्या कंपनीने बांधलेला फिरता पूल आहे, १८७६ चा. पाण्याच्या दाबावर आख्खा पूल आडवा फिरतो आणि जहाजाला वाट देतो. सुंदर काम आहे. पण तो का बांधला? आधीच्या दगडी पुलामुळे मोठी जहाजं एल्झविकपर्यंत जाऊ शकत नव्हती. नवा पूल उघडल्यावर पहिलं जहाज आलं ते इटलीचं, शंभर टनांची तोफ न्यायला.

आता त्या घराकडे जाऊ. क्रॅगसाइड. न्यूकॅसलच्या उत्तरेला रॉथबरी हे गाव आहे. लहानपणी प्रकृतीमुळे आर्मस्ट्राँगला तिथे हवापालटाला नेत, कॉकेट नदीवर तो मासे धरायला तिथेच शिकला. १८६३ मध्येच, बघा पुन्हा तेच साल, त्याने तिथे जमीन घेतली आणि छोटंसं घर बांधलं. १८६९ पासून नॉर्मन शॉ या वास्तुशिल्पकाराने पुढची पंधरा वर्षं ते वाढवत नेलं. उघड्या खडकाळ डोंगरावर झाडं लावली, तब्बल सत्तर लाख असं सांगतात. ओढे अडवून पाच तलाव केले.

त्या पाण्यावर काय काय चालायचं! स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई पाण्याच्या दाबावर फिरायची. लिफ्ट पाण्यावर. १८७८ मध्ये डेब्डनच्या तलावाचं पाणी टर्बाइनवर सोडून त्याने डायनामो फिरवला आणि दीड हजार यार्डांवरच्या घरात चित्रांच्या दालनात आर्क दिवा लावला. आर्क दिवा म्हणजे दोन कोळशाच्या कांड्यांमधली ठिणगी, डोळे दिपवणारी, फुसफुसणारी. घरात बसून वाचायचा तो उजेड नव्हे.

तो उजेड दिला न्यूकॅसलच्याच जोसेफ स्वानने. स्वानचा काचेचा बल्ब. न्यूकॅसलची एक साहित्य आणि तत्त्वज्ञान सोसायटी आहे, आपल्या व्याख्यानमालेसारखीच समजा. आर्मस्ट्राँग चाळीस वर्षं तिचा अध्यक्ष होता. १८८० च्या ऑक्टोबरमध्ये स्वानने तिथे व्याख्यान देता देता गॅसचे दिवे मालवायला सांगितले आणि आपले बल्ब लावून दाखवले. व्याख्यानाला गेलेले लोक विजेच्या उजेडात घरी परतले म्हणायचे! त्याच वर्षी ते बल्ब क्रॅगसाइडमध्ये लागले. ग्रंथालयातले दिवे तर मीनाकामाच्या तांब्याच्या फुलदाण्यांवर बसवले होते. फुलदाणीच्या बुडाशी वाटीत पारा. दाणी उचलली की दिवा गेला, परत ठेवली की लागला. बटण नाही, काही नाही. मुलाबाळांच्या घरात आपण पाऱ्याची वाटी ठेवणार नाही, पण आर्मस्ट्राँग आणि त्याची पत्नी मार्गारेट यांना मूलबाळ नव्हतं.

हे सगळं ऐकून मोहून जायला होतं. म्हणून दोन गोष्टी पुढे ठेवतो. एक, ती पाण्यावरची लिफ्ट. तिचा मोठा उपयोग काय, तर वरच्या मजल्यांवरच्या शेकोट्यांसाठी कोळसा चढवणं. नोकरांचे कष्ट वाचले हे खरं, पण घर ऊबदार होत होतं कोळशावरच. पुढे पाणी कमी पडू लागलं तेव्हा मदतीला गॅसचं इंजिन आलं, आणि तो गॅसही कोळशाचाच. जो सांगत होता की कोळसा संपेल, त्याच्याही घरातून कोळसा गेला नाही.

दुसरी गोष्ट १८७१ ची. क्रॅगसाइडचं बांधकाम जोरात चालू होतं त्याच वर्षी न्यूकॅसलच्या यंत्रकामगारांनी संप केला. मागणी एकच, दिवसाचे कामाचे तास नऊ करा. आर्मस्ट्राँग मालकांच्या बाजूचा म्होरक्या. त्याने संप फोडायला परदेशांतून कामगार आणले. पाच महिने कामगार आणि त्यांची बायकापोरं तग धरून राहिली, जॉन बर्नेट त्यांचा पुढारी. आणि ते जिंकले. नऊ तास मिळाले. पाण्याचा थेंब वाया जाऊ नये म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या आयुष्यातला दहावा तास मागतोय हे कळलं नाही, किंवा कळूनही मान्य करायचं नव्हतं. शहराला त्याने पुष्कळ दिलं, जेसमंड डीनची वनराई दिली, विज्ञानाचं कॉलेज काढायला मदत केली, ज्यातून पुढे न्यूकॅसल विद्यापीठ झालं. त्यामुळे दुष्ट मालक असंही चित्र रंगवता येत नाही. पण ते पाच महिने त्याच्या नावावर आहेत.

राहिली चित्रं. आर्मस्ट्राँग चित्रं घ्यायचा ती त्याच्या काळातल्या इंग्रज चित्रकारांची. फार धाडसी आवड नव्हती, लोकांना आवडणारंच त्यालाही आवडे. पण त्यात एक चित्र खरंच मोठं होतं. जॉन एव्हरेट मिले याचं 'चिल ऑक्टोबर', १८७० चं. स्कॉटलंडमध्ये टे नदीकाठचं, वाऱ्याने वाकलेले बोरू, थंडगार पाणी, करडं आभाळ. माणूस एकही नाही. व्हॅन गॉगने पत्रांतून ज्याचं कौतुक केलं ते हे चित्र.

ते आर्मस्ट्राँगकडे आलं १८७५ च्या लिलावात. विकणारा सॅम मेंडेल, मँचेस्टरचा कापडाचा बडा व्यापारी. मँचेस्टरचं कापड मुंबईच्या गोदीत कसं उतरत असे ते तुम्हाला ठाऊकच आहे. जुन्या लांबच्या समुद्रमार्गाच्या व्यापारावर मेंडेल गबर झाला होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, व्यापाराची सगळी घडी बदलली, मेंडेलचा धंदा बसला आणि चित्रं लिलावात निघाली. ती तोफांच्या पैशाने विकत घेतली गेली.

पाण्याच्या विजेचा पहिला दिवा चित्रांच्या दालनात का लावला, याचा विचार करा. उजेड चित्रांसाठी होताच, पण पाहुण्यांसाठीही होता. १८८४ मध्ये युवराज एडवर्ड येऊन राहिला. त्याच्यासाठी नवी बैठक बांधली, तिथली संगमरवरी शेकोटी म्हणे दहा टनांची. पुढे १८८९ मध्ये पर्शियाचा शाह आला, १८९७ मध्ये सयामचा राजा आला. ही माणसं नुसती निसर्ग बघायला रॉथबरीला आली नव्हती. ज्यांच्याकडे आरमार होतं किंवा ज्यांना ते हवं होतं, अशी ही मंडळी. तलाव, धबधबे, आपोआप लागणारे दिवे, भिंतीवर मिले. अशा घरात राहणाऱ्याच्या जहाजावर, तोफेवर विश्वास बसायला वेळ लागत नसणार. चित्रं निव्वळ दिखाव्यासाठी घेतली असं आम्ही म्हणत नाही. 'चिल ऑक्टोबर'मधलं ते थंड पाणी नदीकाठी तासन्तास उभं राहिलेल्या माणसाला आतून कळलंच असणार. पण ते घर धंद्याचा भाग होतं, हे विसरून चालणार नाही.

त्या घरात एम्मरसन या चित्रकाराने रंगवलेलं आर्मस्ट्राँगचं एक चित्र आहे. म्हातारा शेकोटीच्या कोनाड्यात पायात सपाता घालून वर्तमानपत्र वाचत बसलाय, पायाशी कुत्री. पूर्वेला जा की पश्चिमेला, आपलं घरच बरं, अशा अर्थाचं वचन तिथे दगडात कोरलेलं आहे. तोफांचा मोठा कारखानदार, आणि चित्रात बघाल तर कुणाचेही आजोबा वाटतील.

१८८७ मध्ये तो लॉर्ड झाला. १८९३ मध्ये मार्गारेट गेली. शेवटच्या वर्षांत तो पुन्हा विजेच्या प्रयोगांकडे वळला, १८९७ मध्ये, म्हणजे सत्त्याऐंशीच्या घरात असताना, हवा आणि पाणी यांतल्या विजेच्या हालचालींवर त्याने छायाचित्रांसह ग्रंथ काढला. २७ डिसेंबर १९०० ला क्रॅगसाइडमध्येच मरण आलं. वारसा गेला बहिणीच्या नातवाकडे. त्याला धंद्याची जाण बेताची, नको तिथे पैसे गुंतवले, कर्ज झालं. १९१० मध्ये उत्तम उत्तम चित्रं लंडनला क्रिस्टीजमध्ये लिलावाला गेली. 'चिल ऑक्टोबर'ही गेलं. एका व्यापाऱ्याच्या दिवाळखोरीतून आलेलं चित्र दुसऱ्या घराच्या कर्जात निघून गेलं, पस्तीस वर्षांत. मिलेचंच 'जेफ्थाची मुलगी' आता वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

एल्झविकचा कारखाना विकर्समध्ये मिसळला, आता तिथे त्यातलं फारसं काही नाही. कोळशाचं म्हणाल तर इंग्लंडमधली शेवटची खोल खाण २०१५ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली आणि कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला. त्याने दोनशे वर्षं सांगितली होती, दीडशे-एकशेसाठच लागली. पण कोळसा संपला म्हणून नाही. जमिनीत तो अजून आहे. तो जाळणं परवडेनासं झालं, पैशाने आणि हवेनेही. हे मात्र त्याच्या हिशेबात नव्हतं.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं की आज त्या घरात पाण्यावर काही चालतं का. चालतं. १९७७ पासून घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. २०१४ मध्ये त्यांनी टंबलटन तलावाजवळ १७ मीटर लांबीचा आर्किमिडीजचा स्क्रू बसवला. वरून पाणी सोडलं की तो गरगर फिरतो आणि वीज होते. साडेतीनशे दिव्यांपुरती. घराची सगळी गरज त्यातून भागत नाही, साधारण दहावा हिस्सा भागतो. बाकीची वीज बाहेरून येते.